सोलापुरातल्या दुकानांनी व्हिडिओ गेमच्या जुन्या (वापरलेल्या) डिस्क घेणं-विकणं चालू ठेवावं का?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पार्क चौक

गेमच्या दुकानांनी जुन्या डिस्कचा धंदा आता बंद करावा, असं सध्या आपल्याकडे बरेच जण म्हणतात. डिस्क न लागणारे डिजिटल कन्सोल (गेम खेळायची यंत्रं) आले, माल अडकून पडतो, गिऱ्हाईक भांडतं, ही त्यांची कारणं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. सोलापुरात हा धंदा चालूच राहायला हवा, फक्त तो आज चालतो तसा चालू नये.

हिशेब मांडतो. नवी डिस्क ४,९९९ रुपयांची. खेळून संपल्यावर दुकानाने ती २,४०० ला घेतली आणि ३,२०० ला विकली, असं धरा. पहिल्याला गेम पडला २,५९९ ला. दुसऱ्याने महिन्या-दीड महिन्याने तीच डिस्क २,००० ला परत दिली, तर त्याला पडला १,२०० ला. तिसऱ्याला त्याहून स्वस्त. एका डिस्कवर चार-पाच जण खेळतात आणि पहिल्याच्या खिशात पुढच्या नव्या गेमचे निम्मे पैसे येतात. ज्या घरात पाच हजारांचा गेम वर्षातून एकदाच येऊ शकतो, तिथे हाच धंदा मुलाला वर्षात चार गेम खेळवतो.

माझ्या मागण्या तीनच आहेत. दर तोंडी सांगू नये, फळ्यावर लिहावा, आणि रोखीचा व एक्स्चेंजचा (रोख न देता दुकानातलंच क्रेडिट देण्याचा) दर वेगवेगळा दाखवावा. डिस्क पूर्ण तपासल्याशिवाय विकू नये. आणि जुन्या मालालाही बिल द्यावं.

जुळे सोलापूर

तुमच्याच आकड्यांवर बोलतो. २,४०० आणि ३,२०० यांच्यातले ८०० रुपये कोणाचे? तीच डिस्क मी थेट दुसऱ्याला २,८०० ला दिली, तर मला ४०० जास्त मिळतात आणि घेणाऱ्याचे ४०० वाचतात. सोलापूर काही मुंबई नाही. विजापूर रोडवरून अक्कलकोट रोडला जायला अर्धा तास पुरतो. मग मधे दुकान हवंच कशाला?

एक्स्चेंजच्या क्रेडिटचं तर वेगळंच दुखणं आहे. रोख मागितली की दर एकदम पडतो. क्रेडिट घेतलं की ते त्याच दुकानात खर्चायचं, आणि तिथे हवा तो गेम नसतोच. पडून असलेला माल गळ्यात मारायची ही सोय आहे. काही ठिकाणी तर क्रेडिटच्या चिठ्ठीवर मुदतसुद्धा टाकतात.

दरवर्षी नव्याने येणाऱ्या खेळांच्या गेमचं बघा. फुटबॉलचा नवा गेम सप्टेंबरात येतो. ऑगस्टमध्ये जुना द्यायला गेलात, तर दुकानदार हात लावत नाही, किंवा २००-३०० सांगतो. थेट विकणाऱ्याला एवढंच कळायला हवं की असा गेम मे-जूनमध्ये, सुट्टी संपायच्या आत काढून टाकायचा असतो.

ताळेबंद

जुळे सोलापूर, ते ८०० रुपये सगळे नफ्याचे नसतात. नीट बिल करणाऱ्या दुकानाचं गणित सांगतो.

जुन्या मालासाठी सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियम ३२(५) आहे. वापरलेली वस्तू आहे तशी, किंवा किरकोळ साफसफाई करून विकली आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल, तर कर पूर्ण किमतीवर लागत नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. डिस्कला दर १८ टक्के. ८०० च्या फरकात कर धरलेला असेल तर ८०० गुणिले १८ भागिले ११८, म्हणजे सुमारे १२२ रुपये सरकारला गेले. उरले ६७८. त्यातून भाडं, पगार, परत आलेल्या डिस्क आणि दर पडेपर्यंत अडकलेलं भांडवल.

दोन ठिकाणी दुकानदार फसतात. पहिलं म्हणजे तोट्यात गेलेल्या डिस्कचा फरक नियमाप्रमाणे शून्य धरला जातो. तो तोटा दुसऱ्या डिस्कच्या नफ्यातून वजा होत नाही. सप्टेंबरात पडलेला फुटबॉलचा गेम ३०० ने तोट्यात गेला, तरी बाकीच्या डिस्कवरचा कर तेवढाच राहतो. दुकानदार त्या गेमला हात का लावत नाही, याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर योजना). त्यात व्यापाऱ्याला एकूण उलाढालीवर १ टक्का भरावा लागतो, फरकावर भरायची सवलत तिथे उपयोगाची नाही. जुना माल जास्त आणि फरक मोठा असेल तर कंपोझिशन स्वस्त पडतं. मात्र गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि बिलावर तसं लिहावं लागतं. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या, फक्त माल विकणाऱ्या दुकानाला सहसा नोंदणीच लागत नाही. आपल्याकडची बरीच दुकानं यातच बसतात, त्यामुळे "जीएसटीमुळे दर कमी देतो" असं कोणी म्हटलं तर आधी त्याचा नोंदणी क्रमांक विचारा.

प्रत्येक डिस्कची वेगळी नोंद हवी: कोणाकडून, किती तारखेला, कितीला घेतली, कितीला विकली. घरगुती माणूस बिल देत नाही, म्हणून दुकानानेच खरेदीची पावती करून त्यावर त्याची सही घ्यायची. फरक सिद्ध करायला दुसरा कागदच नसतो.

सोल्डरगन

दरावर भांडण्याआधी डिस्क कशी तपासायची यावर बोला. निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात.

पीएस-४ आणि पीएस-५ (सोनीचे प्लेस्टेशन कन्सोल) यांच्या डिस्क ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून जास्त माहिती मावणाऱ्या, आहेत. पीएस-४ ची ५० जीबीपर्यंत, पीएस-५ ची १०० जीबीपर्यंत. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर चमकत्या बाजूने फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असायचा, म्हणून पीएस-२ च्या काळात पॉलिशच्या मशीनवर प्लास्टिक घासून डिस्क वाचवता यायची. तेच मशीन ब्लू-रेवर लावलं की वरचं कडक कोटिंग जातं आणि डिस्क कायमची मरते. "पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात पीएस-४ ची डिस्क देऊ नका. टूथपेस्टचं तर नावच काढू नका.

ओरखडे बघायचे ते मोबाईलच्या टॉर्चच्या तिरप्या उजेडात. मधल्या भोकाकडून कडेकडे गेलेले बारीक ओरखडे लेझर सहसा पचवतो. गोल फिरलेला, ट्रॅकच्या दिशेचा ओरखडा घातक, कारण सलग माहिती वाचता येत नाही आणि चुका दुरुस्त करणारी यंत्रणा हरते. मग उलट करून उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तर नको. मधल्या भोकाच्या कडेला केसासारखी तडा आहे का, तेही बघा. घट्ट केसमधून (डबीतून) डिस्क वाकवून ओढली की ही तडा पडते. ड्राइव्हमध्ये जोरात फिरताना हीच तडा वाढते.

आता खरी चाचणी. बहुतेक दुकानदार डिस्क घालतात, मेनू आला की "चालू आहे" म्हणतात. त्यातून काहीच कळत नाही. गेम आधीपासून कन्सोलवर असेल तर डिस्क जवळजवळ फक्त परवाना म्हणून वाचली जाते. म्हणून तो गेम आधी पूर्ण डिलीट करायचा, इंटरनेट बंद करायचं आणि डिस्कवरून कॉपी १०० टक्के होऊ द्यायची. नेट चालू असेल तर अपडेट उतरायला लागतं आणि डिस्कची कॉपी कुठे अडकली ते लक्षात येत नाही. याला पाऊण ते एक तास लागतो. ६०-७० टक्क्यांवर अडकणारी डिस्क मेनूपर्यंत मजेत जाऊ शकते.

दोन डिस्कचे गेम असतील तर एक डेटाची आणि एक खेळायची असते. रेड डेड रिडेम्प्शन २ चं पीएस-४ वर तसंच आहे. एकदा इन्स्टॉल झाल्यावर डेटाची डिस्क लागत नाही, म्हणून घरात हरवते आणि केसमध्ये एकच येते. त्या एका डिस्कला काही किंमत नाही. केसच्या कण्यावरचा आणि डिस्कवरचा कोड जुळतो का तेही बघा. पीएस-४ ला सीयूएसए, पीएस-५ ला पीपीएसए आणि पुढे आकडे असतात. आकडे जुळले नाहीत तर बॉक्स एका देशाचा आणि डिस्क दुसऱ्या देशाची. गेम चालेल, पण भारतीय खात्यावरून घेतलेली जादा डीएलसी (गेमला नंतर जोडायचा डाउनलोडचा भाग) त्या डिस्कशी जुळेलच असं नाही.

पुसायची रीत म्हणजे मायक्रोफायबर कापड, मधून बाहेर सरळ, गोल फिरवून नाही. सोलापुरी टॉवेल कितीही चांगला असला तरी या कामाचा नाही. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत डिस्क ठेवू नका. एकदा वाकलेली डिस्क सरळ होत नाही.

पार्क चौक

सोल्डरगन, सगळं मान्य, पण गर्दीच्या वेळी काउंटरवर दर डिस्कला एक तास देता येत नाही. उपाय हाच की डिस्क घेताना पावती द्यायची, इन्स्टॉलची चाचणी रात्री करायची आणि पैसे दुसऱ्या दिवशी. काही गिऱ्हाइकांना ते चालत नाही, हे खरं. त्यांना निम्मी रक्कम लगेच द्यावी. थेट विक्रीत हा तास देतो कोण? जुळे सोलापूर म्हणतात तसं रस्त्यावर डिस्क आणि पैसे हातोहात बदलले, तर ६५ टक्क्यांवर अडकल्याचं रात्री घरी कळतं. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झालेला असतो.

जुळे सोलापूर

म्हणूनच रस्त्यावर बदलायची नाही. विकणाऱ्याने आपल्याच कन्सोलवर गेम डिलीट करून इन्स्टॉल १०० टक्के होतानाचा व्हिडिओ करायचा, त्यात डिस्कवरचा कोड दिसला पाहिजे. पैसे यूपीआयने, म्हणजे नोंद राहते. कोडही न जुळणारी डिस्क कोणी आणली तर घेऊ नये, एवढं सोपं आहे.

फक्त डिजिटल

तुम्ही दोघंही संपत आलेल्या गोष्टीवर भांडताय. पीएस-५ ची डिजिटल आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरिज एस यांना डिस्क ड्राइव्हच नाही. पीएस-५ स्लिमला ड्राइव्ह नंतर जोडता येते, पण ती वेगळी विकत घ्यावी लागते आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटही लागतं. पीसीवर तर जुन्या डिस्कचा विषय कधीच मिटला. स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान २००३ मध्ये आलं; तिथे एकदा खात्याला जोडली की डिस्क म्हणजे फक्त प्लास्टिक.

वर डिजिटल सेलमध्ये दीड-दोन वर्षांचा गेम एवढा खाली येतो की जुन्या डिस्कचा दर त्याच्या वर असतो. दुकानात जाण्याआधी त्या दिवसाचा डिजिटल दर बघा, एवढं जरी गिऱ्हाईक करायला लागलं तरी अर्धी दुकानं दर उतरवतील. ओरखडे नाहीत, तडा नाही, डिस्क हरवत नाही.

सोल्डरगन

डिजिटलमध्येही वस्तू हरवते, फक्त ती दुसरा कोणी हरवतो. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ ला थ्री-डीएस आणि वी-यू या आपल्या जुन्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात विक्री बंद केली. एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. डिजिटल गेम परत विकता येत नाही, आणि एका खात्यावरून दुसऱ्यावर हलवताही येत नाही.

फक्त डिजिटल

डिस्कनेही प्रत्येक वेळी वाचवलेलं नाही. यूबीसॉफ्ट या गेम कंपनीने 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. त्या दिवशी त्याच्या डिस्कसुद्धा रद्दी झाल्या, कारण गेम सर्व्हरशिवाय सुरूच होत नाही. कोणत्या गेमला सतत ऑनलाइन लागतं हे विकताना सांगणारा दुकानदार मला दाखवा. माझा आक्षेप इथेच आहे. दर फळ्यावर लिहायचा असेल तर त्याच्या शेजारी "ऑनलाइनशिवाय चालत नाही" हेही लिहा.

पार्क चौक

ही सूचना चांगली आहे, माझ्या मागणीत धरतो. त्यातच "वन-टाइम कोड वापरलेला" हेही लिहावं. जादा पात्रं, सीझन पास वगैरे देणारा बॉक्समधला कागदी कोड पहिल्या मालकाच्या खात्यावर गेलेला असतो. नवीन म्हणून विकलेल्या पॅकबंद बॉक्समधला कोड चालला नाही, तर तो बॉक्स उघडून पुन्हा श्रिंक-रॅप (प्लास्टिकमध्ये पॅक) केलेला आहे हे समजा.

कोड विणकर

गेम बनवणाऱ्याचं कोणीच बोलत नाही, म्हणून बोलतो. तुमच्या त्या एका डिस्कवर चार जण खेळले, त्यात निर्मात्याला पैसे एकदाच मिळाले. उरलेल्या तीन व्यवहारांत सगळा पैसा गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यात फिरला. वर्षानुवर्षं राबून बनवलेल्या कामाला हे न्याय्य आहे का? पुस्तकाची पानं पिवळी पडतात, पण डिस्कवरचा गेम चौथ्यालाही तसाच मिळतो. त्यामुळे जुनी डिस्क नव्याशी थेट स्पर्धा करते, आणि तीही गेम आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, म्हणजे निर्मात्याची मुख्य कमाई चालू असते नेमकी तेव्हा.

ताळेबंद

विणकर साहेब, हा वाद कोर्टात जाऊन आलाय. जपानमध्ये गेम कंपन्यांनी जुन्या गेमच्या दुकानांवर दावे केले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००२ मध्ये निकाल दिला की एकदा कायदेशीर विकलेली प्रत पुढे विकायला कंपनीची परवानगी लागत नाही. बाजारातूनही उत्तर मिळालं. ईए या गेम कंपनीने २०१० मध्ये 'ऑनलाइन पास' आणला. जुनी डिस्क घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे भरायचे. २०१३ मध्ये त्यांनी तो स्वतःच गुंडाळला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर जुन्या डिस्कच्या विक्रीला अटी घातल्या आणि दर २४ तासांनी ऑनलाइन तपासणीही ठेवली. लोक इतके चिडले की कन्सोल बाजारात येण्याआधीच, जूनमध्ये, माघार घ्यावी लागली.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. डिस्क भाड्याने देणं वेगळं. आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १४ मध्ये संगणक प्रोग्राम व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडे आहे. "तीन दिवसांना २०० रुपये" अशी पाटी लावणाऱ्याला एक्स्चेंजवाल्याच्या ओळीत बसवू नका.

कोड विणकर

कायद्याने चालतं म्हणून निर्मात्याचं नुकसान होत नाही असं नाही. एक फरक मात्र मान्य करतो. छोटे स्टुडिओ बहुतेक डिजिटलच विकतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला तोही आधी डिजिटल. जुन्या डिस्कचा फटका मोठ्या प्रकाशकांना बसतो, आपल्याकडच्या मुलांना कमी. पण उद्या इथल्या एखाद्या स्टुडिओने डिस्क काढायची ठरवली तर हा हिशेब त्याच्याही समोर येईल.

विजापूर रोड

आईबापाच्या बाजूने दोन मुद्दे. आठवी-नववीतली पोरं घरातल्या सीड्या, कधी कंट्रोलरसुद्धा, दुकानात देऊन येतात आणि घरी कोणाला पत्ताच नसतो. भारतीय करार कायदा १८७२, कलम ११ नुसार अल्पवयीन मुलाला करारच करता येत नाही. १८ च्या आतल्याकडून माल घेतलेल्या दुकानाला तो व्यवहार टिकवता येणार नाही. पालक सोबत असल्याशिवाय घ्यायचंच नाही, ही पाटी प्रत्येक दुकानात हवी.

दुसरं म्हणजे विकणाऱ्याचं ओळखपत्र. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. बॉक्स नाही, चार्जर नाही, पाच कंट्रोलर एकदम, असं कोणी आलं तर विचारायला नको का? आधारची प्रत घ्यायची तर मास्क केलेली घ्या, शेवटचे चारच आकडे दिसणारी.

आणि "जुन्या मालाला परत नाही" ही पाटी काढा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७) नुसार सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा.

सोल्डरगन

कन्सोलच्या एक्स्चेंजचं राहिलं होतं, थोडक्यात सांगतो. पीएस-४ घेताना सेफ मोड (दुरुस्तीसाठीचा मेनू) लावून बघा: बंद असताना पॉवरचं बटण दाबून धरा, दुसरी बीप वाजेपर्यंत, साधारण सात सेकंद. विकणाऱ्याने आधी 'प्रायमरी पीएस-४' (आपल्या खात्याशी असलेली जोडणी) काढून, मग पूर्ण इनिशिअलाइज करून (सगळी माहिती पुसून) द्यायचा. डिस्क ड्राइव्ह नक्की चालवून बघा, कारण ड्राइव्हचं सर्किट मदरबोर्डशी जोडलेलं असतं, दुसऱ्या कन्सोलची ड्राइव्ह काढून बसवली तर डिस्क वाचत नाही. ऑनलाइन लॉगिन करून बघा, बंदी घातलेला कन्सोल बाकी सगळीकडे नीट चालतो. एचडीएमआय पोर्टमध्ये केबल हलवून चित्र जातं का ते बघा. कंट्रोलरच्या स्टिक संगणकाच्या ब्राउझरवरच्या गेमपॅड टेस्टरने तपासा, हात न लावता आकडा सरकत असेल तर ड्रिफ्ट आहे.

जेलब्रेक केलेला (कंपनीचं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलेला) पीएस-४ "पन्नास गेम फुकट" म्हणून विकणाऱ्यांचा या धंद्याशी काही संबंध नाही, ती चोरी आहे. अपडेट केलं की जेलब्रेक जातो, नाही केलं तर ऑनलाइन जाता येत नाही.

आयात होऊन येणाऱ्या स्विचच्या (निन्टेंडोच्या कन्सोलच्या) गेम कार्डला आणखी एक धोका आहे. प्रत्येक कार्डला स्वतःचं वेगळं प्रमाणपत्र असतं. कोणी कार्डची नक्कल ठेवून मूळ कार्ड विकलं आणि दोन्ही ऑनलाइन आली, की निन्टेंडो ते पकडतं. २०२५ मध्ये स्विच-२ आल्यावर जुनं कार्ड घातल्याने कन्सोलची ऑनलाइन सेवा बंद झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. खरेदीचा पुरावा दाखवल्यावर ती सुरू झाल्याचंही लोकांनी सांगितलं. म्हणजे तिथेही बिलच उपयोगी पडतं.

जुळे सोलापूर

विजापूर रोड आणि सोल्डरगनचे मुद्दे पटले. पार्क चौकांना एकच सांगतो. दुकान चाचणी करून, बिल देऊन, ३० दिवसांत परत घेणार असेल आणि रोखीचा दर विक्रीच्या किमतीच्या ७० टक्क्यांच्या खाली नसेल, तर मी थेट विक्रीचा आग्रह सोडतो. ३,२०० च्या डिस्कला रोख २,२४०.

पार्क चौक

चालू महिन्यातल्या मोठ्या गेमला ७० टक्के परवडतात, कारण ते आठवड्यात विकले जातात. दरवर्षी येणाऱ्या खेळांच्या गेमला परवडणार नाहीत. ताळेबंदांनी सांगितलंच आहे की तिथला तोटा दुसरीकडे वजा होत नाही. त्यांना जानेवारीनंतर ५० आणि जूननंतर ३० टक्के, असा उतरता दर आधीच फळ्यावर लिहावा.

जुळे सोलापूर

जूननंतर ३० टक्के असतील तर तो गेम मी मे महिन्यातच थेट विकणार.